शामकलाआत्याची डिक्री

दरेकशात बाईमाणसानं बैलगाडी हाकू नये असं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण शामकलाआत्याच्या आधी कोणी हाकलीही नव्हती. ती माझ्या आजोबांची धाकटी बहीण. वडील तिला आत्या म्हणायचे म्हणून आम्हीही आत्याच म्हणायचो, आणि पुढे स्टेशनातले हमालसुद्धा तिला आत्याच म्हणू लागले. ठेंगणी, सावळी, काष्टा कसलेला, कपाळ मोकळं. गाडीवर पुढे बसून ती वाटभर बैलांशी बोलत असे. बैलांशी ती फार गोड बोलायची. माणसांशी तितकं नाही.

तिचा नवरा उदाराम. त्याच्या दोन गाड्या होत्या. गोंदियाचा दुलीचंद नावाचा ठेकेदार जंगलातून लाकूड तोडायचा आणि उदाराम ते डोंगरातून दरेकशाच्या स्टेशनावर आणून टाकायचा. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. सरकारला लाकूड हवं होतं, आणि गाडीवाल्यांना उसंत नव्हती. अख्ख्या हंगामाचं भाडं ठेकेदाराकडे थकलं होतं. "दिवाळीले देतो," असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. दिवाळीच्या आधी इन्फ्लुएंझाची साथ आली. घरोघरी माणसं गेली. उदारामही गेला. ताप चढला, तो उतरलाच नाही.

तेराव्यानंतर शामकला रेल्वेनं गोंदियाला गेली. दुलीचंद गादीवर बसला होता, समोर चार व्यापारी होते. त्यानं तिला बसायलाही सांगितलं नाही.

"भाडा? अरे भाभी, भाडा तो मैंने उदाराम के हाथ में दे दिया था. आता त्यानं पिऊन उडवलं असेल तर मी काय करू?"

व्यापारी हसले. आत्याच्या मनातून ते हसू कधी गेलं नाही. ती पुढे आम्हाला सांगायची, "पेत होता तुमचा आतोबा. मी काऊन नाई म्हनू? बजाराच्या दिवशी पेत होता. पन मजुरीचा पैसा त्यानं कधी पेला नाई. तो पैसा आदी माज्या हातात, मंग बाकीचं."

दीर म्हणाला, सोडून दे, मोठ्या माणसाशी कायले भिडतेस. भाऊ, म्हणजे माझे आजोबा, तेही तेच म्हणाले. तिनं एक गाडी आणि एक जोडी विकली. दुसरी ठेवली. ती हाकायला कोणी मिळेना, तेव्हा एक दिवस स्वतःच जू बैलांच्या मानेवर ठेवलं आणि स्टेशनावर जाऊन उभी राहिली. पहिले आठ दिवस कोणी सामान टाकलं नाही. पोरं गाडीमागून टाळ्या वाजवत धावली. नवव्या दिवशी एका जंगलबाबूला सालेकशाला जायची घाई होती आणि दुसरी गाडी नव्हती. तो बसला. त्यानंतर बाकीचेही बसू लागले.

विकलेल्या जोडीच्या पैशातून तिनं फिर्याद लावली. वकील होते भैयाजी. गोंदियाच्या दिवाणी कचेरीसमोर, एका पानवाल्याच्या वरच्या खोलीत बसायचे. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मोठे वकील नव्हते, पण गरिबाचं काम घेत. आत्याच्या बाजूनं दोन गाडीवाले उभे राहिले, बकाराम आणि बिसराम. उदाराम आजारी पडायच्या आठवडाभर आधी दुलीचंद स्टेशनाजवळच्या लाकडाच्या डेपोवर आला होता आणि कोणाचंच भाडं अजून दिलेलं नाही असं सगळ्यांसमोर बोलला होता, हे त्यांनी शपथेवर सांगितलं. दोघांनाही त्यानंतर त्या ठेकेदाराकडे काम मिळालं नाही. १९२१ च्या फाल्गुनात निकाल लागला. दुलीचंदानं सव्वाचारशे रुपये, व्याज आणि खर्च द्यावा अशी डिक्री झाली.

आत्याला वाटलं, झालं. ती पदर पसरून कचेरीच्या पायरीवर बसली. पैसे आत्ताच मिळतात अशी तिची समजूत होती. भैयाजींनी तिला उठवून खोलीवर नेलं, चहा मागवला आणि समजावून सांगितलं.

"बाई, कोर्टानं सांगितलं की तो देणं लागतो. आता त्याच्याकडून काढायचं काम आपलं. त्याची चीजवस्त कुठे आहे ते आपण दाखवायचं, दरखास्त टाकायची, मग कोर्टाचा प्यादा जाऊन जप्ती करेल."

"अन् नाई सापडलं त?"

"मग पुन्हा दरखास्त. तीन वर्षांच्या आत पुढची दरखास्त पडायलाच हवी, नाहीतर डिक्री मेली. आणि कितीही दरखास्ती टाकल्या तरी बारा वर्षांनंतर कोर्ट ऐकत नाही."

"काऊन?"

"कायदा आहे. माणसाच्या डोक्यावर जन्मभर टांगती तलवार नको, म्हणून."

आत्यानं चहाची बशी खाली ठेवली. मग तिनं जे विचारलं ते भैयाजी म्हातारपणापर्यंत लोकांना सांगत असत.

"मंग बारा वर्सानं माजा नवरा पुन्हा दारुड्या ठरते का?"

भैयाजींनी चष्मा काढला. "नाही बाई. निकाल खरा तो खराच राहील. फक्त त्याच्या जोरावर जप्ती करता येणार नाही."

"म्हनजे बारा वर्सं हायेत," ती म्हणाली आणि बशीतला उरलेला चहा पिऊन उठली.

पहिली दरखास्त पुढच्याच वर्षी पडली. जप्तीच्या वेळी वस्तू ओळखून द्यायला डिक्रीवाल्यानं प्याद्याबरोबर जायचं असतं, म्हणून आत्या गेली. प्याद्याचं नाव खुशाल. उंच, मिशाळ, खाकी कोटावर पितळी बिल्ला. आत्याला त्याची आधी भीती वाटली. तो तिच्यापुढे दहा पावलं चालायचा आणि मागे वळून बघायचासुद्धा नाही. दुलीचंदाच्या दारात चार गाड्या उभ्या होत्या, आठ बैल दावणीला होते. आत्यानं बोट दाखवलं. खुशालनं कागद काढला. तेवढ्यात दुलीचंद धोतराचा सोगा सावरत बाहेर आला.

"ये गाड़ियाँ मेरी कहाँ हैं? माझ्या साळ्याची आहेत. मनिराम, जरा कागद दाखव."

साळा मनिराम आतून कागद घेऊन आला. गाड्या त्याच्या नावावर, बैल त्याच्या नावावर, गोदामही त्याच्याच. निकाल लागल्याच्या महिन्यातच सगळं त्याच्या नावावर चढलं होतं. दुलीचंदाची बायको मंदाबाई दाराआड उभी होती. आत्यानं तिला विचारलं, "बाई, तुमीच सांगा. कोनाच्या हायेत ह्या गाड्या?" मंदाबाईनं खाली बघितलं. "भावाच्या," ती म्हणाली.

परतताना स्टेशनाच्या वाटेवर खुशाल पहिल्यांदा आत्याच्या बरोबरीनं चालला. "बाई, मी वीस वर्सं जप्त्या करून राहिलो," तो म्हणाला. "चीज कोनाची हाये हे बैलाले मालूम राहते. ठेकेदार बाहेर आला तवा आठी बैलांनं माना वर केल्या. साळा आला तवा एकानं नाई केली." आत्या हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच हसली, असं ती म्हणायची.

पण बैलांच्या माना कोर्टात चालत नाहीत. काही हाती न लागता दरखास्त निकाली निघाली.

तीन वर्षं व्हायच्या आत तिनं दुसरी टाकली. या वेळी भैयाजींनी अटकेचं वॉरंट मागितलं. देणेदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येतं, पण तिथे त्याच्या जेवणाचा भत्ता डिक्रीवाल्यानं आगाऊ भरावा लागतो. हे ऐकून आत्या इतक्या जोरात ओरडली की खालचा पानवाला वर आला.

"ज्यानं माज्या नवऱ्याचं भाडं बुडवलं, त्याले मी पोसू?"

"कायदाच तसा आहे, बाई."

"मी घरून भात आनून देईन. अंबाडीची भाजी अन् भात. ते चालते का?"

"पैसेच भरावे लागतात."

तिनं त्या साली वेचलेला सगळा मोहा विकला आणि भत्ता भरला. खुशाल वॉरंट घेऊन गेला, तर दुलीचंद भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरून खाटेवर कण्हत पडलेला. डॉक्टरचा कागद उशाशी तयार. आजारी माणसाला तुरुंगात नेता येत नाही. त्याच आठवड्यात हा आजारी माणूस एका लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढून घेताना अर्ध्या गोंदियानं बघितला. आत्याला भत्ता परत मिळाला, एवढंच. ती म्हणाली, "बरं झालं. माज्या पैशानं जेवून त्याले पचलं नसतं."

तिसऱ्या दरखास्तीच्या वेळी तो गावातच नव्हता. दरेकशाच्या पुढे रेल्वेचा बोगदा लागतो आणि त्यापलीकडे काही अंतरावर तेव्हा संस्थानी मुलूख सुरू व्हायचा. इंग्रजांच्या कोर्टाचा प्यादा तिथे जाऊन काही करू शकत नसे. दुलीचंदानं डोंगरगडला बिऱ्हाड केलं होतं. गोंदियाचा धंदा साळा बघत होता. कधीमधी दुलीचंद रेल्वेनं दरेकशावरून जायचा. गाडी थांबली की खिडकी लावून घ्यायचा. आत्या बैल सोडून फलाटावर यायची आणि बंद खिडकीसमोर गाडी सुटेपर्यंत उभी राहायची. ओरडायची नाही, शिवी द्यायची नाही. उभी राहायची. स्टेशनमास्तर एकदा तिला म्हणाले, "आत्या, कशाला त्रास करून घेता?" ती म्हणाली, "मले काय त्रास? गरमी त त्याले होऊन राहिली."

चौथ्या वेळी तिनं गोदामातल्या धानावर जप्ती मागितली, तर मनिरामनं धान आपलं असल्याचा दावा केला आणि तो मंजूर झाला. तोवर खुशालच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. आत्या गोंदियाला आली की तो तिला स्टेशनावर घ्यायला यायचा, तिची छत्री धरायचा आणि त्याची बायको आत्यासाठी जेवण ठेवायची. आत्या त्यांना हिवाळ्यात चारोळी आणि आवळे न्यायची. कोर्टकचेरीत माणसांचं वैर होतं असं म्हणतात. आत्याला तिथे एक भाऊ मिळाला.

१९३३ चा फाल्गुन आला आणि बारा वर्षं पुरी झाली. त्या दिवशी काहीच काम नसताना आत्या गोंदियाला गेली आणि भैयाजींच्या खोलीत जाऊन बसली. भैयाजी तिच्याकडे बघायला धजत नव्हते. ते दुसऱ्या कोणाचा अर्ज लिहीत राहिले.

"मेली का?" तिनं विचारलं.

"मेली, बाई."

तिनं चहा घेतला नाही. संध्याकाळच्या गाडीनं परतली. वडील तेव्हा तरणे होते. ते सांगायचे, ती त्या रात्री जेवली, बैलांना पेंड घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून ठेकेदाराचं नाव तिनं तोंडातून काढलं नाही. पण फलाटावर जाणंही तिनं बंद केलं. सामान घेऊन हमालालाच तिच्या बैलगाडीपर्यंत यावं लागे. घरच्यांना वाटलं, सुटली एकदाची. मला मात्र वाटतं, तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात वाईट काळ असावा. तिला भांडायला कोणी उरलं नव्हतं.

धानकापणीच्या दिवसांत खुशाल अचानक दरेकशाला उतरला. नोकरीतून निवृत्त होऊन त्याला महिनाच झाला होता. अंगात कोट नव्हता, त्यामुळे आत्यानं त्याला आधी ओळखलंच नाही.

"आत्या, चला," तो म्हणाला. "वकीलसायबानं बलावलं हाये."

"कायले? मेलेल्या डिक्रीचं तेरावं कराले?"

"ठेकेदार परत आला हाये डोंगरगडाहून. साळ्याले म्हने, माजं गोदाम दे, माज्या गाड्या दे. साळा म्हने, कशाच्या तुज्या? कागद त माज्या नावाचे हायेत." खुशालला हसू आवरेना. त्यानं खाली बसून पाणी मागितलं. "आता ठेकेदारानं साळ्यावर दावा लावला हाये. अख्ख्या गोंदियाले मालूम हाये. दाव्यात त्यानं सोताच लिवून देल्लं, की हा सारा माल पयल्यापासून माजाच, एका डिक्रीतून वाचवाले साळ्याच्या नावावर टाकला होता."

आत्याला अर्थ लगेच लागला नाही. तो भैयाजींनी लावून दिला. बारा वर्षांनंतर डिक्री चालत नाही हे खरं, पण देणेदारानंच फसवून जप्ती हुकवली असेल, तर कोर्ट मुदतीनंतरही ऐकू शकतं. आजवर फसवणूक सिद्ध कशी करणार हा प्रश्न होता. आता ती दुलीचंदानं सहीनिशी लिहून दिली होती.

दरखास्त पडली, आणि थोड्याच दिवसांत सुनावणी झाली. आत्या लाल काठाचं लुगडं नेसून गेली. खुशाल तिच्या शेजारी बसला. मागच्या बाकावर मनिराम पान चघळत होता. दुलीचंद आता वाळला होता. त्याच्या वकिलानं मुदत संपल्याचं एकदा, दोनदा, तीनदा सांगितलं. मुन्सफ साहेबांनी ऐकून घेतलं आणि मग दुलीचंदाला स्वतःच विचारलं,

"बाईच्या पहिल्या जप्तीच्या वेळी तुमच्या दारात चार गाड्या होत्या. त्या कुणाच्या?"

दुलीचंदानं वकिलाकडे बघितलं. वकील कागदात बघत होता.

"साहेब, जुनी गोष्ट आहे..."

"मनिरामच्या होत्या म्हणत असाल तर तसं लिहून घेतो. मग तुमचा त्याच्यावरचा दावा कसा उभा राहतो ते पुढे बघू."

मागे मनिराम पान चघळायचा थांबला. दुलीचंदानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. गोदाम, गाड्या, अर्धं आयुष्य त्या एका शब्दावर होतं. 

"माझ्याच होत्या," तो म्हणाला.

"आणि प्याद्याला तुम्ही काय सांगितलं?"

"साळ्याच्या आहेत म्हणून."

"खोटं?"

"जी."

साहेब लिहीत राहिले. आत्यानं खुशालचा हात इतका घट्ट धरला होता की त्याच्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले.

बाहेर चिंचेखाली मंदाबाई एकटी बसली होती. भावानं तिला घराबाहेर काढलं होतं. नवऱ्याची बाजू घेतली म्हणून. आत्या तिच्यासमोरून पुढे गेली, थांबली आणि मागे आली.

"जेवल्या का?" तिनं विचारलं.

मंदाबाई रडायला लागली. "मी तुमच्या तोंडावर खोटं बोलली होती."

"मालूम हाये मले. जेवल्या का, ते सांगा."

खुशालच्या घरी त्या दिवशी दोघींनी एका पंगतीत जेवण केलं. खुशालच्या बायकोला कोणाला आधी वाढावं तेच कळेना. जेवताना मंदाबाई म्हणाली, "तुमच्या मालकाले त्यायनं पैसा देल्ला नव्हता. मले तवाच मालूम होतं." आत्यानं घास खाली ठेवला.  मग पुन्हा घास उचलला आणि भात कालवत म्हणाली, "आनखी थोडी भाजी घ्या."

कोर्टानं जप्तीला परवानगी दिली. गोदामाला सील लागायच्या आत दुलीचंदानं कुठूनतरी पैसे उभे केले. त्याचा स्वतःचा दावा मात्र रखडत राहिला आणि शेवटी त्यानं मनिरामशी अर्ध्यावर तडजोड केली असं ऐकलं. आत्याची माफी त्यानं मागितली नाही. तिनंही वाट पाहिली नाही.

पैसे व्याजासकट आले, तेव्हा भैयाजींनी आपली फी अर्धीच घेतली. आत्यानं उरलेली अर्धी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि वर चष्म्याच्या काडीसाठी म्हणून आणखी एक रुपया ठेवला. भैयाजींच्या मनाला तो रुपया फार लागला, पण त्यांनी काडी बसवून घेतली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं दरेकशाच्या डेपोवर सगळ्या गाडीवाल्यांना जेवायला बोलावलं. भात, वरण, वडे आणि गुळाची खीर. साक्ष देणारा बकाराम दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्या जागी त्याच्या बायकोला, सुलोचनाबाईला, पहिल्या पाटावर बसवलं. बिसराम आला होता, पण त्याला आता नीट दिसत नव्हतं. नव्या गाडीवाल्यांना हे जेवण कशाचं तेच माहीत नव्हतं. एकानं विचारलं, "आत्या, लगन हाये का कोनाचं?"

"उदारामचं भाडं आलं," आत्या म्हणाली. "त्याच्यासंगं ज्यायनं गाड्या हाकल्या त्यायनं जेवाचं. तुमी नाई हाकल्या, पन बसा."

बिसरामनं हातानं चाचपडत पत्रावळीवरून खिरीचा द्रोण शोधला. दोन्ही हातांनी तो तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.

"देल्लं म्हना शेवटी," तो म्हणाला.

"देल्लं," ती म्हणाली, आणि त्याचा द्रोण पुन्हा भरला.

आत्या त्यानंतरही बरीच वर्षं गाडी हाकत होती. १९४५ च्या उन्हाळ्यात ती गेली. सालेकशाची खेप टाकून दुपारी घरी आली, बैल सोडले, सावलीत आडवी झाली, ती उठली नाही. खुशाल तोवर वारला होता, त्याचा मुलगा गोंदियाहून आला. भैयाजी आता चालू शकत नव्हते. त्यांनी त्याच्या हाती एक नवं लुगडं पाठवलं होतं, तेच तिच्या अंगावर घातलं.